गोठ्यातल्या जुन्या फोनने काय ऐकले

ते प्रकरण मी अजून विसरलेले नाही. निवृत्तीच्या आदल्या दिवाळीचे ते दिवस. चोरीला गेली होती एक म्हैस, पण पणाला लागले होते एका तरुणीचे नाव.

परवा तुम्ही दोघा नातवंडांनी फोनवर विचारलेत की तिकडे परदेशातली मुले कपाटातले जुने कॅमकॉर्डर आणि टाकून दिलेले फोन बाहेर काढून त्यांवर चित्रीकरण करतात, तसे आपल्याकडे कोणी करते का. करतात. तुमच्याकडे हौस म्हणून, इथे सोय म्हणून. त्या प्रश्नामुळेच हे लिहायला बसले. नावे कोणाचीच देणार नाही. ती सगळी माणसे अजून रोज एकमेकांसमोर येतात.

मी तेव्हा कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका ठाण्याची प्रभारी अधिकारी होते. मुरगूडच्या बाजाराला जाणारी बरीच गावे आमच्या हद्दीत. सकाळची हजेरी झाली की रात्रगस्तीचा आढावा, मग आलेल्या फिर्यादी. दिवाळीच्या तोंडावर फिर्यादी वाढतात. त्या सकाळी ठाणे अंमलदारासमोर एक वयस्कर शेतकरी उभे होते. गावात त्यांना तात्या म्हणत, तेच मीही म्हणते.

"म्हस गेली की ओ, मॅडम! काल भर दिवसा! आमी समदी सोयाबीनच्या मळणीला रानात गेलतो. आलो तर दावं मोकळं."

"घरात कोण होते?"

"कुणी न्हाय. थोरलं पोरगं शिरोलीला, फाउंड्रीत. पयल्या पाळीला जातंय. पर गोठ्यात कॅमेरा हाय की. त्यात बघा."

हा कॅमेरा म्हणजे तात्यांच्याच घरात पडून असलेला जुना फोन. पडद्याला तडा गेलेला, सिम काढलेले. साबणाच्या डबीला भोक पाडून त्यात तो बसवला होता आणि डबी तारेने गोठ्याच्या वाशाला टांगली होती. घरातल्या वायफायवर तो चाले. हालचाल झाली की आपोआप चित्रीकरण सुरू होई आणि तात्यांना आपल्या फोनवर गोठा दिसे. म्हैस व्यायला झाली की रात्रभर कंदील घेऊन बसणारी माणसे आता अंथरुणातून एकदा बघून पुन्हा झोपत. ही सोय गावातल्याच एका मुलीने करून दिली होती. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, पंचविशीच्या आतबाहेरची. रस्त्याकडेला तिचे मोबाईल दुरुस्तीचे छोटे दुकान होते. लोकांचे निकामी फोन ती असे गोठ्यांत, पोल्ट्रीत, विहिरीच्या मोटरीवर कामाला लावत असे.

फोनमधले कार्ड पंचनामा करून जप्त केले, त्याची प्रत काढली आणि ठाण्याच्या संगणकावर पाहिली. म्हैस रवंथ करते आहे. मग बाजूने एक पोते येते आणि पडदा काळा होतो. पुढे बराच वेळ नुसता काळोख. आमच्या हवालदारांनी लिहून टाकले, 'काही दिसून येत नाही.'

दुपारी खबर आली. फोन करणारा गावातला वजनदार माणूस होता. "मॅडम, लांब कशाला जाताय? ती कॅमेरेवाली पोरगी हाय न्हवं, तिच्याकडं समद्यांचे पासवर्ड हायत. घरात बसून गोठं बघती. कोण रानात गेलंय, कोण घरात हाय, तिला समदं ठावं. चोरांस्नी कोण सांगत असंल, तुमीच बघा."

खबर ऐकताना मी नेहमी दोन गोष्टी तपासते: माणूस काय सांगतो आणि त्याने ते पाहिले आहे की नुसते जुळवले आहे. याने पाहिलेले काहीच नव्हते. पण संध्याकाळपर्यंत तेच वाक्य तीन तोंडांतून माझ्याकडे आले. मुलीचे घर बौद्ध वस्तीत होते. शेजारच्या पोल्ट्रीवर कामाला असलेली चार पोरेही पाणी न्यायला तात्यांच्या गोठ्यात रोज येत-जात होती, त्यांचे नाव कोणी घेतले नाही. संशय सगळ्यांवर सारखा पडत नाही, तो उताराकडे धावतो. चाकरीत हे मी फार वेळा पाहिले.

"उचलून आणू का?" हवालदारांनी विचारले.

"बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, हवालदार. आपण जायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी महिला शिपायाला घेऊन मी तिच्या दुकानात गेले. दुकान उघडे होते, पण गिऱ्हाईक नव्हते. काउंटरवर सहा-सात साबणाच्या डब्या ओळीने ठेवलेल्या.

"ह्या कालपासनं परत आल्यात," ती म्हणाली. "लोकांनी गोठ्यातनं काढून आणून दिल्या. एक काकू तर म्हणाल्या, तुझा डोळा तुझ्याकडंच ठेव."

तिची आई आत स्टूलवर बसली होती.

"पासवर्ड तुझ्याकडे का ठेवलेस?" मी विचारले.

"मी कुठं ठेवले, मॅडम? समदेच म्हणायचे, आमाला इंग्रजी जमत न्हाय, तूच टाक, तूच लक्षात ठेव. मग मी सोप्पं केलं. ज्याच्या म्हशीचं जे नाव, त्योच पासवर्ड. म्हशीचं नाव गावात कुणाला म्हाईत न्हाय, सांगा?"

माझ्या शिपाईबाईंनी हसू दाबले. मीही.

"परवा दुपारी कुठे होतीस?"

"हितंच. पर हितं मी एकटी होते. साक्षीला कोण आणू?" मग तिचा आवाज चढला. "चोरी धरायला कॅमेरे मी लावले, आणि पयला चोर मीच! उद्या माझ्या हातात कोण गोठ्याची कडी देईल? दुकान तर बंदच झालं, पर ह्या गावात आईनं कसं फिरायचं?"

चौकशीत माणूस रागावला की त्याला बोलू द्यावे. खोटा राग स्वतःभोवती फिरतो, खरा राग कामाकडे वळतो. तिचा वळला.

"मॅडम, त्यातला आवाज ऐकला का तुमी?"

"काळोख आहे नुसता."

"काळोख चित्राला. पोतं टाकलं म्हणून आवाज कसा थांबंल? स्वस्तातल्या कॅमेऱ्याला कान नसत्यात. ह्यो कॅमेरा झाला तरी मुळात फोन हाय! ऐकायलाच जन्मलाय त्यो."

ठाण्यातल्या संगणकाला स्पीकर नव्हते. आम्ही सगळ्यांनी ते चित्रीकरण मुक्यानेच पाहिले होते. परत येऊन एका शिपायाचे हेडफोन घेतले आणि केबिनचे दार लावले.

आधी पोत्याची खसखस. दाव्याची साखळी सुटल्याचा आवाज. कोणीतरी जिभेने टक्‌टक्‌ केले. मग गोठ्याबाहेर मोटारसायकल सुरू झाली. साधी नव्हे, सायलेन्सर काढलेली, कानठळ्या बसवणारी. त्यावर म्हैस रेकली आणि तिचे खूर वाजले. ओढून नेलेल्या जनावराची चाल अडखळती असते. ही पळत होती, अगदी खुशीने. गाडी लांब गेली, तसे खूरही त्याच वेगाने लांब गेले.

माझे माहेर कोल्हापूर शहरातले. लहानपणी असल्या गाड्या नव्हत्या, पण गेल्या काही वर्षांत तो आवाज मला चांगलाच परिचयाचा झाला होता. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून मिरवतात. शिंगांना रंग, अंगावर नक्षी, गळ्यात घुंगरमाळा. पुढे मालक मोटारसायकलवर, मागे मोकळी म्हैस पळत. दावे नाही, काठी नाही. महिना महिना आधीपासून तिला त्या एका गाडीच्या आवाजाची सवय लावतात. दुसऱ्या कोणाची गाडी शेजारून गेली तरी ती मान वळवत नाही.

हे चोरीचे काम नव्हते. ही पाडव्याची तालीम होती.

लगेच तात्यांच्या घरी गेलो. अंगणात बाजेवर ते बसले होते, त्यांच्या पत्नी दारात सुपात तांदूळ निवडत होत्या.

"सापडली का ओ?" तात्या उठले.

"सापडेल. आधी हे ऐका." मी फोनवर घेतलेली प्रत लावून आवाज मोठा केला.

तात्यांना ऐकू कमी येत असावे. ते कान पुढे करून भुवया आकसत राहिले. पण बाईंच्या हातातले सूप थांबले.

"आवं," त्या हळूच म्हणाल्या, "ही तर आपलीच गाडी हाय."

"आपली कशी? गाडी शिरोलीला."

"तात्या," मी विचारले, "तुमची म्हैस कोणाच्या गाडीमागे पळते?"

ते पुन्हा बाजेवर बसले. "पोराच्याच," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या मागं एक पाऊल टाकत न्हाय."

मुलगा पाळी संपवून आला तेव्हा अंगणात पोलीस जीप पाहून त्याने गाडी लांबच बंद केली. तिशीचा, लग्न झालेला माणूस. मी काही विचारण्याआधीच बोलू लागला.

"चांगली हाय ती. मित्राच्या रानात बांधल्या. त्या दिशी मी पाळीला गेलोच न्हवतो." मग बापाकडे वळला. "दलालाला हो म्हणालासा तुमी! मला इचारलं? दूध आटलं म्हणून इकायची? चार वर्सं माझ्या गाडीमागं पळती ती. पाडवा तरी होऊ द्यायचा हुता!"

"मग तोंडानं सांगायचं हुतंस की रं!" तात्या ओरडले.

"सांगितलं न्हवं? दहा येळा! तुमाला ऐकू आलं का?"

शेजारचे लोक कुंपणापाशी जमले होते. मी मुलाला विचारले, "फोनवर पोते कोणी टाकले?"

"मीच."

"आणि त्या मुलीला लोक चोर म्हणू लागले तेव्हा?"

त्याची मान खाली गेली. "मी तिचं नाव घेतलं न्हाय, मॅडम."

"घेतले नाहीस. दुसऱ्यांनी घेतले तेव्हा गप्प बसलास."

उत्तर त्याच्या आईने दिले. सूप खाली ठेवून त्या उभ्या राहिल्या. "उद्या सकाळी डेरीत जायचं, दोघांनीबी. तिचं नाव तिथंच गेलंय, तिथंच बोलायचं. घरात जाऊन गुपचूप माफी मागायची न्हाय."

कायद्याच्या बाजूने माझे काम सोपे होते. घरचीच म्हैस घरच्याच माणसाने नेली होती आणि तात्यांची फिर्याद गैरसमजातून आली होती. तसा अहवाल न्यायालयात पाठवायचा, गुन्हा बंद. पण त्या बाईंनी जे ओळखले ते माझ्या कोणत्याही अहवालात मावणारे नव्हते. अहवाल गाव वाचत नाही.

सकाळी दूध संस्थेसमोर रांग लागली होती. कॅन, किटल्या, बादल्या. मी जीपपाशीच थांबले. मुलगी आईसोबत लांब उभी होती. तिला आम्हीच निरोप दिला होता. तात्या ओट्यावर चढले. त्यांचा आवाज मुळात मोठा, त्या दिवशी तर पलीकडच्या गल्लीतही ऐकू गेला असेल.

"ऐका रं! म्हस चोरीला गेली न्हवती. माझ्याच पोरानं नेलती. ह्या पोरीचा त्यात काय संबंध न्हाय. तिनं लावलेल्या फोननंच म्हस घावली. जे बोलला असंल त्येनं आपापलं तोंड धुवावं. मीबी धुतो."

त्यांचा मुलगा ओट्याखाली उभा होता. तो मुलीपुढे जाऊन म्हणाला, "चुकलं माझं, ताई. मी गप बसाय नको हुतं."

रांगेत मागून एक बाई म्हणाल्या, "बोलणारी आता का गप बसलीत?" आणि थोडा हशा पिकला.

मुलीने त्याला ओलांडून सरळ तात्यांना हाक मारली. "तात्या, कॅमेरा परत लावते. पर आता पासवर्ड तुमी स्वतः टाकायचा. मी पाठ फिरवून उभी ऱ्हाते. आणि म्हशीचं नाव टाकायचं न्हाय!"

"मग काय टाकू?"

"ते मला सांगायचंच न्हाय की ओ!" आता मात्र सगळी रांग हसली, तिची आईसुद्धा.

तुमच्यासाठी या प्रकरणातून मी एवढेच वेगळे काढून ठेवते. गुन्हा उघडकीला आला की तपास संपला, असे मी बरीच वर्षे ऐकत आले होते. ज्याच्यावर खोटा संशय गेला त्याचे नाव, जिथे गेले त्याच ठिकाणी आणि त्याच लोकांसमोर परत मिळेपर्यंत तपास संपत नाही. हे काम पोलिसांना एकट्याने जमत नाही. त्याला गाव लागते, आणि गावातली एखादी बाई, सूप बाजूला ठेवून उभी राहणारी.

पाडव्याला मी बंदोबस्तावर होते. म्हैस शिंगांना हिरवा रंग लावून त्याच गाडीमागे पळत गेली. विकायची की नाही हे बापलेकांचे भांडण अजून मिटले नव्हते, पण आता ते दोघे ते मोठ्याने भांडत होते. परतताना मी मुलीच्या दुकानावरून गेले. शटर अर्धे खाली होते आणि बाहेर पाटीवर खडूने लिहिले होते, 'गोठ्यावर गेले आहे, थांबा.' पायरीवर दोघे जण हातात जुने फोन घेऊन थांबले होते.