रॅम्पवरचा खांब

मॅडमना राग आला की त्या खुर्ची सोडत. इतर साहेब रागावले की मागे रेलून ओरडतात. मॅडम उठायच्या, डोक्याला स्कार्फ बांधायच्या आणि थेट बांधकामावर निघायच्या. दारातला शिपाई पुटपुटायचा, "बांधला स्कार्फ. आज कुणाचं तरी प्लास्टर निघतंय."

त्या आमच्या उपअभियंता, तांड्यावर वाढलेल्या. मी शिरड शहापूरची, घरातली पहिली इंजिनिअर. हिंगोलीतल्या मुलाखतीत माझं इंग्रजी अडखळलं तेव्हा बाकीचे हसले. मॅडम म्हणाल्या, "खांबाला इंग्रजी कळत न्हाई. मराठीत सांग." त्या एका वाक्यावर मला कंत्राटी नोकरी मिळाली.

काम एका सरकारी दवाखान्याचं होतं. टेंडरची अट अशी की सगळी इमारत आधी कॉम्प्युटरमध्ये उभी करायची, खांब, नळ, वायरी सगळ्यासकट. काय कशाला आडवं येतं ते पाहायचं आणि मगच बांधायचं. ते मॉडेल माझ्याकडे होतं. मॅडम रोज शेजारी बसून म्हणायच्या, "चल, आज पेशंट होऊन फिरू." असंच फिरताना दिसलं की प्रसूती विभागाकडे जाणारा रॅम्प जिथे वळतो, तिथेच एक खांब येतोय. स्ट्रेचर वळणार नाही. मॅडमनी काम थांबवायला सांगितलं, खांब भिंतीत सरकवून नवा नकाशा दिला.

ठेकेदाराने जुन्याच जागी खांब ओतला. वर म्हणतो, "मॅडम, मॉडेलमधी खांब नव्या जागी दाखवून टाका ना. समदीकडं असंच चालू राहिलंय."

मॅडमनी स्कार्फ बांधला. जुन्या दवाखान्यातून स्ट्रेचर मागवलं आणि ठेकेदाराला म्हणाल्या, "झोपा."

"मी? काहून?"

"झोपा म्हन्ते ना!"

मजुरांनी ठेकेदाराला ढकलत रॅम्पवर नेलं. वळणावर स्ट्रेचर अडकलं. मजूर तोंड फिरवून हसत होते. ठेकेदार पडल्या पडल्या म्हणाला, "चौघं उचलून घेतील की!"

"अडलेली बाई घेऊन नवरा एकटाच आला, तर चौघं कुठून आनू? आमच्या तांड्यावरून बाया बाजेवर उचलून आनायचे. इथंबी उचलायचंच असंल, तर दवाखाना कशाला, बाज बांधा!"

खांब तिथेच राहिला. मॉडेलमध्येही मी तो बांधलाय तिथेच, वळणावर दाखवला. बदली मॅडमची झाली. वारंगा फाट्यावर त्यांची गाडी येईपर्यंत आम्ही चहा घेतला. त्या एवढंच म्हणाल्या, "पोरी, मॉडेल खोटं बोलू देऊ नको."

पूर्वी चूक बांधून झाल्यावर दिसायची. माणूस म्हणायचा, कळलं नाही. इथे आम्हाला आधी दिसली होती, रंगासकट, वळणासकट. दिसूनही ओतली. याला चूक कोण म्हणेल?

गेल्या आठवड्यात नव्या साहेबांनी बोलावलं. "वळणावर खांब दिसतोय म्हणून ठेकेदाराचं बिल अडकलंय. मॉडेलमधला तो खांब जरा भिंतीत सरकव. माऊस तर हलवायचा, त्यात काय तकलीफ?"

"साहेब, आधी तिथं सरकवा. मग मी इथं सरकवते."

"कंत्राटी आहेस तू. ध्यानात ठेव."

"आहे ध्यानात."

मी उठले. दारातला शिपाई माझ्याकडे पाहतच राहिला. मी पर्समधून स्कार्फ काढून डोक्याला बांधत होते.