विकलेली पिवळी रेघ

"ती रेघ चुकलीय! ब्रश आणा!" ऐंशी ओलांडलेल्या इंग्रज चित्रकार बाई अशा ओरडल्या की गॅलरीच्या छपरावरची कबुतरं उडाली, ती थेट अलिबागला जाऊन बसली. बाईंच्या साठ वर्षांच्या अमूर्त चित्रांचं प्रदर्शन मुंबईत लागलं होतं आणि मी त्यांचा दुभाष्या. आधी नुसते गोल, मग पट्टे, शेवटी मोकळ्या पांढऱ्यात एकच रेघ, असा त्यांचा प्रवास. त्यातल्याच पिवळ्या रेघेच्या एका जुन्या चित्रापुढे त्यांची बोटं शिवशिवत होती.

त्यांची तगमग मला कळली. पेटीत टाकलेल्या पत्रातलं एक वाक्य सुधारायला मी पोस्टमनमागे सात गावं धावलोय. हातावेगळी झालेली गोष्टच माणसाला जास्त छळते. लोक तिला पूर्ण म्हणतात, आपल्याला तिच्यात राहिलेलंच दिसतं.

बाईंनी पर्समधून रंगाची ट्यूब काढली. चित्रांची राखण करणारे सावंत आडवे आले.

"मी मेल्यावर कोण सुधारणार ती?" बाई कळवळल्या. मी मराठीत सांगितलं, वर म्हणालो, "अहो सावंत, चित्र त्यांनीच काढलंय!"

"असेल. विकलंय ना? मालकाची चिठ्ठी आणा."