रविवारी साडेसातला इंझोरी

इंझोरीच्या फाट्यावर मानोऱ्याकडे जाणारी एसटी दिसायला लागली, तरी बाबा माझ्याशी बोलत नव्हते. माझ्या ट्रंकेच्या पत्र्यावर बोटानं टकटक करत होते. मला त्यातला शब्दन् शब्द कळत होता. मायला नाही.

"आता तरी तोंडानं बोला पोरीशी," माय म्हणाली. "टरंक काहून बडवून राह्यले?"

बाबा हसले. मग तोंडानं एवढंच म्हणाले, "इमल, दर रविवारी साडेसातले पाठवजो. मी आयकीन."

मी विमल. घरात इमल. बंगलोरच्या एका टेलिफोन कारखान्यात मला नोकरी लागली होती. आमच्या वस्तीतून नोकरीसाठी एवढ्या लांब जाणारी मी पहिलीच मुलगी. तेव्हा आपला वाशीम जिल्हाही झालेला नव्हता, सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. वाशीमहून छोट्या गाडीनं सिकंदराबाद, तिथं गाडी बदलून बंगलोर. माय फाट्यावर रडली नाही. एसटी वळली तेव्हा तिनं पदर डोक्यावर सारखा केला, एवढंच मला काचेतून दिसलं.

बाबा फौजेत सिग्नलमध्ये हवालदार होते. धम्मदीक्षा घेतली त्या वर्षी ते रजा काढून नागपूरला आले होते, मायला आणि मला घेऊन. पेन्शनीवर घरी आल्यावर त्यांनी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढला आणि फौजेतून भंगारात निघालेल्या सामानातून संच उभा केला. गावात वीज आली त्याच्या दुसऱ्या महिन्यात आमच्या घरावर बांबूच्या दोन काठ्यांमध्ये तार ताणली गेली. लोक विचारत, "हवालदार, कपडे वाळू घालाले एवढ्या उंच?" बाबा सांगत, "याच्यावरून माणसं बोलतात." ती टकटकीची लिपी, मोर्स, त्यांनी मला बाराव्या वर्षीच शिकवली होती. ठिपके आणि रेघा, त्यांची अक्षरं, अक्षरांचे शब्द. माय त्या संचाला 'कटकट्या' म्हणायची.

बंगलोरला मी हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबात जाऊन परवाना मिळवला. तिथल्या संचावरून दर रविवारी साडेसातला मी इंझोरीला हाक मारायची. मराठीच, पण इंग्रजी लिपीत. हात बाबांचाच आहे हे पहिल्या दोन अक्षरांत ओळखू यायचं. खुशीत असले की ते रेघ जरा लांबवत, दमलेले असले की शब्दांत अंतर पडे. आठवडाभर कन्नड, तमिळ, इंग्रजी कानावर घेऊन थकलेली मी त्या पंधरा मिनिटांत इंझोरीत असायची. मायही जवळ बसलेली असे. 'माय विचारते, जेवली का', असं बाबा पाठवत. मी हळूहळू फार वेगानं पाठवायला शिकले. क्लबात माझ्या वेगाचं कौतुक व्हायचं आणि मला त्याचा गर्व होता.

तिसऱ्या वर्षी बाबांची उत्तरं विचित्र व्हायला लागली. मी विचारायची एक, ते सांगायचे दुसरंच. मी बढतीचं सांगितलं, तर उत्तर आलं, 'कपाशी बरी आहे. काळजी नको.' मला वाटलं, वय झालं, लक्ष लागत नसेल.

मग त्यांचं पत्र आलं. मायला ताप आहे, मानोऱ्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. पत्राला यायला पाच दिवस लागले होते. त्या रविवारी मी हाक मारली आणि विचारलं, 'माय कशी आहे. येऊ का.' उत्तर लगेच आलं नाही म्हणून पुन्हा पाठवलं. येऊ का. येऊ का. मग बाबांचा हात आला, नेहमीसारखा स्वच्छ. 'सगळं बरं आहे. काळजी नको.'

मी गेले नाही.

गुरुवारी तार आली. मी घरी पोचले तोवर मायला जाऊन तीन दिवस झाले होते. बाबा अंगणात पाठमोरे बसले होते. मी "बाबा" म्हणाले. पुन्हा म्हणाले. ते वळले नाहीत. शेजारची गंगामावशी पुढं आली. "जवळ जाय माय. त्याले आयकू येत नाई. तुले कोनी सांगतलं नाई?"

सगळ्या गावाला माहीत होतं. मायलाही. मला सांगायचं नाही, अशी बाबांची ताकीद होती.

मी समोर जाऊन बसले तेव्हा ते स्वतःहून बोलले. "सहा महिने झाले, इमल. डॉक्टर म्हनते, तोफाईजवळ राहून नस मेली. तुले सांगतलं असतं तं तू पाठवनं बंद केलं असतं."

"मग तुम्ही उत्तर कसं द्यायचे?" मी पाटीवर लिहिलं.

संचावर एक काटा असे. आवाज आला की तो हले. काटा हलायला लागला की लेक बोलते आहे, थांबला की आपली पाळी, एवढंच बाबांना उरलं होतं. "काट्यावरून वाचाचा लय परयत्न केला. पन तुहा हात वाऱ्यावानी. थोडी हळू पाठवती तं..." एवढं बोलून ते थांबले. मला दोष द्यायचा नव्हता त्यांना. मला तो तिथंच लागला आणि अजून निघालेला नाही.

आणखी एक गोष्ट मावशीनं सांगितली. शेवटच्या रविवारी माय संचाच्या खोलीतच खाटेवर होती. बाबांनी आवाज पूर्ण वाढवून ठेवलेला. माय ऐकत होती आणि म्हणत होती, "माही इमल बोलून राह्यली." म्हणजे माझा प्रश्न त्या घरात पोचला होता. जिच्या कानावर पडला तिला तो कळत नव्हता, आणि ज्याला कळला असता त्याच्या कानावर तो पडत नव्हता. मी काय विचारलं होतं ते मी बाबांना सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं?

पुढच्या वर्षी क्लबात एका वर्तमानपत्राच्या कचेरीनं काढून टाकलेला टेलिप्रिंटर आला. क्लबातले राव सर त्यावर महिनोन् महिने खपत होते. त्यांनी मला समजावलं: इथं अक्षर दाबलं की त्याच्या पाच खुणा हवेतून जातात, प्रत्येक खूण एक तर 'आहे' किंवा 'नाही'. पलीकडचं यंत्र त्या ओळखून अक्षर आपोआप कागदावर छापतं. "ऐकायला माणूस लागत नाही," ते इंग्रजीत म्हणाले. मी त्यांच्यासमोरच रडले. त्यांना काही कळेना.

त्यांनीच दुसरं यंत्र शोधून दिलं. परवानगीच्या कागदांना सहा महिने गेले. मग रजा घेऊन मी ते लाकडी खोक्यात घालून निघाले. वाशीमपर्यंत गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून, पुढं एसटीच्या टपावर, आणि फाट्यापासून बैलगाडीत. बाबांनी माय गेल्यापासून संचाला हात लावला नव्हता. खोकं पाहून म्हणाले, "आता कायले?"

मी पाटीवर लिहिलं, "माझ्यासाठी."

चार दिवस आम्ही दोघं यंत्रासमोर जमिनीवर बसून होतो. विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की विजेचा दाब खाली जायचा, यंत्राचा वेग उतरायचा आणि कागदावर नुसता कचरा छापला जायचा. बाबांनी वेग जुळवायचा स्क्रू स्वतःच्या ताब्यात घेतला. यंत्राची धडधड त्यांना ऐकू येत नव्हती. झाकणावर तळहात ठेवून ते ती समजून घेत.

बंगलोरला परतल्यावर पहिल्याच रविवारी मी टाइप केलं. मग माझ्यासमोरचं यंत्र हललं आणि एकेक अक्षर उमटलं: 'दिसते. वाचता येते.'

तिसऱ्या रविवारी त्यांनी विचारलं, 'माय गेली त्याच्या आधीच्या रविवारी काटा सारखा तसाच हलत होता. तू एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाठवत होती. काय होती?'

मी छापलं, 'पावसाचं विचारत होते.'

तो आठवडा मला जेवण गेलं नाही. पुढच्या रविवारी मी खरं ते छापलं. येऊ का, असं तीनदा विचारलं होतं.

मग अक्षरं आली. 'मला वाटलंच होतं. ती वाट पाहत होती. मी तुला बोलावलं नाही, मला वाटलं बरी होईल.' आणि थोड्या वेळानं, '73'. निरोप घेताना आम्ही हाच आकडा पाठवतो.

मी तो कागद हातात धरून बसले. मोर्स असतं तर त्यांच्या हातावरून मला कळलं असतं, ते रडताहेत की रागावलेत. यंत्राची अक्षरं सगळी एकसारखी. त्यांतून माझा बाप मला काढता येईना. मी सोमवारी रजेचा अर्ज टाकला आणि मंगळवारी गाडीत बसले.

गुरुवारी दुपारी घरी पोचले. बाबा दारातच होते. मला पाहून म्हणाले, "इमल, घरी याले इचारा लागते काय?"

आवाज चढलेला नव्हता. मी त्यांच्या पायाशी बसले. आम्ही दोघं मायसाठी तेव्हा पहिल्यांदा एकत्र रडलो. मग त्यांनीच चूल पेटवली आणि चहा केला, फार गोड, माय करायची तसा.

त्यानंतर पाच वर्षं आम्ही दर रविवारी बोललो. ते लिहायचे कमी. गेले तेही शांतपणे, पण तेव्हा मी जवळ होते.

हे वाचणाऱ्या गाववाल्यांनो, तुमच्यापैकी जे इंझोरीतच राहिले त्यांना वाटतं, इमल बंगलोरची झाली. जे माझ्यासारखे निघाले त्यांना ठाऊक आहे की कुठलंच असं पुरतं होता येत नाही. इथं माझं घर आहे, मुलं आहेत, त्यांची कन्नड माझ्याहून चांगली आहे. पण ज्याला मी विचार न करता घर म्हणायची ती दोन माणसं होती. त्यांच्यामागं ते नाव मी कशालाच नीट लावू शकलेले नाही.

मागच्या वर्षी इंझोरीच्या घरी गेले होते. आता तिथं चुलतभावाचं कुटुंब राहतं. आधी कळवून गेले. त्याच्या सुनेनं "जयभीम आत्याबाई" म्हणून पाणी दिलं, आतून प्लास्टिकची नवी खुर्ची आणली आणि पदरानं पुसून पुढं केली. मी बसले. त्या घरात मी त्याआधी कधी खुर्चीवर बसले नव्हते.