पावसाळ्यातली हजेरी

खोटी हजेरी मांडायला मला कुणी शिकवलं नाही. दर्यापूरकडच्या एका खेड्यात मी दुय्यम शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा ती रीत तिथं आधीपासूनच चालू होती. निंदणाचे दिवस आले की अर्धी शाळा वावरात असायची. सलग गैरहजर राहिलेल्या पोराचं नाव खारीज करावं लागे, आणि पटावरची नावं कमी झाली की दुय्यम शिक्षकाची जागा जाई. म्हणून हेडगुरुजी आणि मी, आम्ही दोघं मिळून हजेरी भरून घ्यायचो. पोरांवरची माया म्हणा, की पोटाची काळजी म्हणा. मी माया म्हणायचो.

तिसरीत एक मुलगी होती. लहानपणी तापात तिच्या दोन्ही पायांतलं बळ गेलं होतं. गावच्या सुतारानं करून दिलेल्या बाभळीच्या कुबड्यांवर ती चालायची. बाप मजुरीला दिवस उगवताच निघून जाई, त्यामुळे तिला खांद्यावर घेऊन शाळेत सोडणं त्याला जमत नसे. शाळेचं जोतं उंच होतं, नाल्याच्या पुराच्या भीतीनं तसं बांधलेलं. त्याला पाच पायऱ्या. तिथं आली की ती कुबड्या आधी वर ओट्यावर टाकायची, मग पाठमोरी बसून हातांच्या जोरावर एकेक पायरी चढायची. पोरं बघायचीसुद्धा नाहीत, त्यांना सवय झाली होती. मलाही झाली होती, हे सांगताना लाज वाटते.

पावसाळ्यात मात्र तिचा काही इलाज चालत नसे. आमच्या काळ्या मातीत बैलगाडी रुतते, तिथं कुबडीची काय कथा. एकदा ती अर्ध्या वाटेत रुतली आणि बाप वावरातून येईपर्यंत तिथंच चिखलात बसून राहिली. त्यानंतर पाऊस लागला की दसऱ्यापर्यंत ती घरीच असायची. संध्याकाळी मी तिच्या घरी जाऊन तासभर शिकवायचो. गणितात ती वर्गाच्या पुढं होती. आणि हजेरीपटावर ती रोज हजर असायची. शिकते तर आहे, मग हजर लिहिलं तर काय बिघडलं, असं मला खरोखर वाटायचं.

तिच्या बापाचं म्हणणं एवढंच होतं, "हे शिकली तं हिले बसून कराचं काम भेटन, गुरुजी. नाई तं आमच्या मांगं हिचं कोन हाय?"

एकदा तालुक्याचा कारभार पाहणाऱ्या जनपद सभेचे सभासद गावात आले आणि अडचण असेल त्यानं अर्ज करावा म्हणाले. शाळा त्या सभेचीच होती. मी बापाच्या नावानं अर्ज लिहिला आणि त्याचा अंगठा घेतला. वस्तीपासून शाळेपर्यंत मुरूम टाकावा आणि पायऱ्यांच्या बाजूनं एक उतार बांधून द्यावा, एवढीच मागणी. चार गाड्या मुरूम आणि एका गवंड्याचं थोडं काम. सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं म्हणतात, पण सभेचा अधिकारी दिवाळी सरताच चौकशीला आला. माणूस वाईट नव्हता. त्यानं पायऱ्या बघितल्या, वाट चालून पाहिली. कापूस वेचणीचे दिवस, वाट कोरडी ठणठणीत. तो जुलैत आला असता तर शाळेपर्यंत पोचलाच नसता. मग त्यानं हजेरीपट मागितला.

जुलैचं पान उलटलं, ऑगस्टचं उलटलं. तिच्या नावापुढं एकही खाडा नव्हता.

"पोरगी तर भर पावसातही रोज आली आहे," तो म्हणाला. "मग अडचण कोणती?"

तो रागावला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

हेडगुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. पटावरचं अक्षर माझं होतं. खरं बोललो असतो तर नोकरी गेली असती, आणि नुसती तीच नाही. अकोल्याच्या एका शाळेचं नेमणुकीचं पत्र आठ दिवसांपासून माझ्या पेटीत पडून होतं, तेही गेलं असतं. गावात मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. 

अधिकारी उठून मुलीपाशी गेला. ती तरटाच्या पट्टीवर बसली होती. "पावसाळ्यात तू रोज येत होतीस, बाळ?"

तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. "हो साहेब. रोज येतो."

"तुझी तू?"

"हो."

त्यानं अर्जावर 'गरज दिसत नाही' असा शेरा मारला, हेडगुरुजींच्या घरचा चहा घेतला आणि गेला. अर्ज खरा होता. त्याला आमच्याच कागदानं खोटं पाडलं.

मला त्या वेळी काही वाटलं नाही. पुढच्या तासाला मी पाढे घेतले. तेव्हा काहीतरी वाटायला हवं होतं म्हणून आजही मनात चाचपून पाहतो, तर हाताला काहीच लागत नाही.

शाळा सुटल्यावर ती पायऱ्या उतरून खाली बसली. मी कुबड्या घेऊन मागं उभा होतो. "खोटं काहून बोलली वं?" मी विचारलं.

"नाई म्हनलं असतं तं तुमाले काढलं असतं, गुरुजी," ती म्हणाली. "उतार नसला तरी चालते. तुमी घरी येता नं शिकवाले."

मी कुबड्या तिच्या हातात दिल्या. पुढच्या सोमवारी मी अकोल्याला रुजू झालो.