मेंढपाळाबरोबर सव्वीस मैल

ऊसतोडीचे दिवस होते. कुंडलजवळच्या आमच्या रानात गुऱ्हाळ चालू होतं. दिवसभर चरकात ऊस सारून खांदे भरून यायचे, डोळे धुरानं चुरचुरायचे. अशा माणसानं पहाटे उठून दहा-दहा मैल पळावं, हे शहाण्याचं लक्षण नव्हे. आई म्हणायची, "बैलसुदीक कामाबिगर पळत न्हाई. तूच कुठनं निपजलास रं?"

तिचं काही चुकत नव्हतं. स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. त्याआधी रस्त्यानं पळणारा माणूस म्हणजे भूमिगत असं समजून लोक त्याला भाकरी द्यायचे. आम्हाला नुसते हसायचे.

पळायचं खूळ आणलं होतं गावातल्या एका हवालदारांनी. लढाईवरून ते अधू गुडघा घेऊन परतले होते. स्वतःला पळता येत नव्हतं, म्हणून दुसऱ्यांना पळवायचे. साताऱ्यात फाल्गुनात सव्वीस मैलांची शर्यत होणार होती. हवालदार तिला मॅरॅथॉन म्हणायचे आणि तो शब्द उच्चारताना छाती पुढं काढायचे. त्यांच्या जुन्या पलटणीतले साहेब ती शर्यत बघायला येणार होते. पहिल्या तिघांना ते छाती-उंची न मोजता फौजेत घेणार होते.

मला फौजेत जायचं नव्हतं. जायचं होतं ते आमच्या रानात मेंढरं घेऊन उतरलेल्या धनगराला. ऊस निघाला की खतासाठी आम्ही रानात मेंढरं बसवायचो आणि बदल्यात धान्य द्यायचो. दरवर्षी पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातून एकच घर आमच्याकडे यायचं. हा त्या घरातला धाकटा, माझ्याच वयाचा. मेंढरं थोरल्या भावाची, ह्याच्या वाट्याला राबणूक. दोनदा भरतीला जाऊन आला होता आणि दोन्ही वेळेला छाती बोटभर कमी भरली म्हणून परतला होता. "आवं हवालदार, तीन नंबरात आलो म्हंजी खरंच टेप लावत न्हाईत न्हवं?" हे तो रोज विचारायचा. हवालदारही रोज तितक्याच गंभीरपणे "न्हाई" म्हणायचे.

त्याच्यासारखे पाय मी पुन्हा पाहिले नाहीत. बारा मैल पळूनही तो गप्पा मारायचा. पण खोड एकच, कायम आमच्या मागं पळायचा. मेंढरामागं चालणाऱ्याला पुढं राहवत नाही. हवालदार सायकलवरून ओरडायचे, "आरं म्होरं हो! ही मेंढरं न्हाईत!" तो लाजून पुढं व्हायचा आणि फर्लांगभरात पुन्हा मागं. "म्होरं गेलं की मागचं कोण ऱ्हायलं त्ये दिसत न्हाई," एवढंच त्याचं म्हणणं.

खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. घरात कामाशिवाय कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. पहाटेच्या गारठ्यात पाठीमागं त्याचा श्वास ऐकू आला की अंगातला शीण थोडा उतरायचा. मी पळत होतो तो बहुधा तेवढ्यासाठीच.

शर्यतीच्या आदल्या दिवशीही मी संध्याकाळपर्यंत चरकावर होतो, मग मिळेल त्या गाडीनं सातारा गाठला. सकाळी शर्यत सुटताना हवालदारांनी धनगराला बजावलं, "आज मागं बघितलंस तर याद राख." रहिमतपूरच्या अलीकडं एका मैलाच्या दगडाला वळसा घालून परत यायचं होतं. पहिल्या मैलातच तो पुढं निघून गेला. पाठीमागं श्वास नाही, नुसती सडक. अकराव्या मैलाला माझे पाय लाकूड झाले.

तेवढ्यात समोरून तो परत येताना दिसला. वळसा घालून आलेला, दुसऱ्या नंबरावर. मी कमरेवर हात ठेवून चालत होतो. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि तसाच पुढं गेला. मला बरं वाटलं, आणि वाईटही.

वळसा घालून मी कसाबसा तीन-चार मैल आलो. सडकेकडेच्या एका बाभळीखाली तो उभा होता. पाय दुखावला असेल असं वाटलं. तसं काही नव्हतं. मी जवळ पोचल्यावर लंगड्या मेंढराला करतात तसा त्यानं जिभेनं टाळूवर आवाज केला आणि म्हणाला, "चल रं गड्या."

पुढचे नऊ-दहा मैल आम्ही बरोबर काढले. मागून माणसं येत होती, आम्हाला टाकून जात होती. प्रत्येकाबरोबर त्याची फौज लांब चालली होती, हे मला कळत होतं. मला दोनदा पाणी हवं होतं, दोनदा मी तोंड उघडून ते मागितलं. त्यानं पळत जाऊन विहिरीवरच्या बायकांकडून आणून दिलं.

आम्ही पोचलो तेव्हा साहेब तिघांना जीपमध्ये घालून निघून गेले होते. हवालदार ओरडले नाहीत. त्यांनी दोघांच्या खांद्यावर टॉवेल टाकले आणि पाठ फिरवून विडी पेटवली.

पाऊस जवळ आला तसा धनगरांनी बिऱ्हाड घोड्यावर लादलं. इतके दिवस आम्ही दोघं त्या शर्यतीबद्दल चकार शब्द बोललो नव्हतो. मेंढरं बांधावरून उतरू लागली तेव्हा मला राहवलं नाही.

"का थांबलास त्या दिवशी?" मी विचारलं.

तो रागावला नाही. मेंढरांवरची नजर न काढता म्हणाला, "तू कवा जा म्हणतूस त्याची वाट बघत हुतो गड्या. म्हणला असतास तर गेलो असतो की."