राखीव अकामात्सु

रियोहेइ अकामात्सुची लढत आधीपासून ठरलीय, असं सहसा व्हायचंच नाही. फोन यायचा. कुणाची तरी बरगडी गेलेली असायची, कुणाचं वजन उतरलेलं नसायचं, कुणी ऐन वेळी तापाने फणफणलेला असायचा, आणि आयोजकांचा माणूस अगदी लोण्यासारख्या आवाजात विचारायचा, "अकामात्सुसान, शनिवारी मोकळे आहात का?" रियोहेइ मोकळाच असायचा. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही तो मोकळा असता, असं त्याची बायको मिसाओ म्हणते, आणि ते काही अगदीच खोटं नाही.

तो त्रेपन्न किलो गटातला किकबॉक्सर. या गटात पेलाभर पाण्यावरून माणसं बाद होतात. इतर पोरं लढत ठरली की वजन उतरवायला घेतात, एरवी पोटभर जेवतात. रियोहेइ बारा महिने वजन उतरवूनच ठेवायचा, कारण फोन कधी येईल याचा नेम नाही. नव्या वर्षाला सासुरवाडीत भाजलेले मोची, म्हणजे तांदळाचे चिकट गोळे, पुढे आले की एक उचलायचा, हुंगायचा आणि मेव्हण्याच्या वाडग्यात टाकायचा. "तुझा नवरा जेवायला येतो की वास घ्यायला?" असं सासऱ्यांनी एकदा त्याच्यादेखत विचारलं होतं.

पोटापाण्यासाठी तो आमागासाकीतल्या एका धुलाई कारखान्यात होता. इस्पितळांच्या चादरी तिथे येत. सगळे ज्या वाफेच्या खोलीतून पळ काढत, ती त्याने मुकादमाकडे हट्ट करून मागून घेतली होती. घाम फुकट निघतो म्हणे. मिसाओ तिथेच इस्त्रीवर. ओल्या चादरींची गाडी ढकलतानाही याच्या टाचा जमिनीला टेकत नसत. जेवणाच्या सुट्टीत बायका बसून डबा खायच्या, हा उभ्याने खायचा. "बस की रे बाबा, तुझ्याकडे बघून आम्हाला दम लागतो," असं इस्त्रीवाल्या बायका रोज म्हणायच्या. तो बसायचा आणि घास संपायच्या आत पुन्हा उठायचा. फोन खिशात आणि जीव टांगणीला, अशी नऊ वर्षं गेली.

सुरुवात काही वाईट नव्हती. बाजारपेठेत चपलांचं एक कायमचं बंद पडलेलं दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर ओकुगावांचं जिम. तिथे त्यांना सगळे कायचो म्हणतात, म्हणजे मालक. त्यांचे दोन्ही कान तरुणपणीच्या माराने चेपलेले, त्यामुळे ते स्वतः ओरडून बोलतात आणि समोरचा ओरडला की रागावतात. रियोहेइ एकोणीस वर्षांचा असताना जिना चढून वर आला. कायचो म्हणाले, "वारा सुटला तर उडशील रे तू. बरं, ये." पहिली काही वर्षं तो चारचौघांसारखा लढला, जिंकला, हरला. मग एकदा दोनच दिवस आधी निरोप येऊनही एका नावाजलेल्या लढवय्यासमोर उभा राहिला आणि जिंकला. तिथेच घात झाला. हा कधीही मिळतो, हे आयोजकांना कळलं, आणि कधीही मिळणाऱ्या माणसाला आधीपासून कोण बोलावणार? विजेतेपदाच्या पट्ट्याच्या लढती दुसऱ्यांना मिळत राहिल्या. याला लोक 'राखीव अकामात्सु' म्हणू लागले. प्रेमानेच म्हणायचे, पण त्याला ते ऐकवत नसे.

त्यातून त्याला एक खोड लागली. लढती बघायला गेला की कोण जिंकलं याच्याकडे त्याचं लक्ष नसायचं. कोण लंगडतंय, कोण कोपर अंगाशी धरून चाललंय, कुणाची मूठ नीट उघडत नाहीये, हे तो डोळ्यांत तेल घालून बघायचा. पुढचा फोन कुठल्या दिशेने येणार, हे त्यावरून कळायचं. पुढे पुढे ही नजर रस्त्यातही सुटेना. "माझ्या बाबांच्या गुडघ्याकडे असं टक लावून बघू नकोस," मिसाओ एकदा त्याला म्हणाली, "त्यांच्या जागी तुला कुणी उभं करणार नाहीये."

मग जिममध्ये इबुकी किदो आला. बावीस वर्षांचा, वजन तेच, हसरा आणि वाह्यात. पहिल्याच दिवशी त्याने रियोहेइला विचारलं, "तुम्ही झोपता तरी का हो? की तिथेही उभेच?" रियोहेइला तो आवडला. आपली डावी लाथ त्याने पोराला हातचं काही न राखता शिकवली. वर्षभरात पोरगं त्याच्या पुढे गेलं. रियोहेइला त्याचं कौतुक वाटायचं आणि पोटात दुखायचंही, दोन्ही एकाच वेळी.

आता एक गोष्ट. एका जिमचे दोघे आमच्याकडे एकमेकांशी लढत नाहीत. नियम कुठे लिहिलेला नाही, पण भावाभावांनी भर बाजारात हाणामारी करावी तसं ते दिसतं. त्या हिवाळ्यात त्रेपन्न किलोचा पट्टा रिकामा झाला आणि ओसाकात एका दिवसात आठ जणांची स्पर्धा ठरली. आठांत इबुकी होता. रियोहेइला बोलावणं आलं ते अर्थातच राखीव म्हणून. दुपारी राखीव दोघांची लढत व्हायची, जिंकेल त्याने शेवटापर्यंत तयार बसायचं, आणि कुणी जायबंदी झाला तर त्याच्या जागी उतरायचं. रियोहेइ पस्तीस वर्षांचा झाला होता. यानंतर थांबतो, असा त्याने मिसाओला शब्द दिला होता. म्हणजे पट्ट्याची ही पहिली आणि शेवटची संधी.

दुपारची लढत तो जिंकला. त्याच्या हातांना गुंडाळलेल्या कापडी पट्ट्यांवर अधिकाऱ्याने सही केली. सही झाली की दिवस संपेपर्यंत त्या सोडता येत नाहीत, आणि त्या बांधलेल्या मुठींनी धड काही उचलताही येत नाही. मिसाओने दिलेले भाताचे गोळे समोर पडून होते. आपली पहिली लढत आटपून इबुकी घामाघूम आत आला आणि त्याने ते बघितलं. "आ करा," तो म्हणाला, आणि भाताचा गोळा स्वतःच्या हाताने रियोहेइला भरवला. आतलं उमेबोशीचं आंबट लोणचं लागल्यावर रियोहेइचं तोंड वाकडं झालं, तेव्हा म्हणाला, "लहान बाळ बरं तुमच्यापेक्षा." दोघेही हसले.

उपांत्य लढत इबुकी जिंकला. पण दुसऱ्या फेरीत त्याची उजवी लाथ समोरच्याच्या कोपरावर आदळली होती. रिंगच्या पायऱ्या उतरताना त्याने कठडा धरला आणि पाय तिरका टाकला. ते इतर कुणी बघितलं नाही. रियोहेइने बघितलं.

खोलीत आल्यावर इबुकीने पायावर बर्फ धरला. पावलाचा वरचा भाग टरारून सुजला होता. कायचो दुसरी उपांत्य लढत बघायला गेले होते.

"मोडलंय ते," रियोहेइ म्हणाला.

"आपटलंय नुसतं. सांगू नका कुणाला."

"मोडक्या पायाने लढलास तर जन्माचा जाशील."

"रियोहेइसान," इबुकी बर्फावरून नजर न काढता म्हणाला, "मला कळतंय हो माझा पाय."

रियोहेइ बाहेर आला. बोळातून टोकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. पोराचा पाय वाचवायला हवा, असं तो मनाशी म्हणत होता, आणि छातीत जे धडधडत होतं ते काळजीचं नव्हतं हेही त्याला कळत होतं. इबुकी अंतिम फेरीत असेपर्यंत याला दार बंद. दुसरा कुणी जखमी झाला तरी आपल्याच पोरासमोर हा उभा राहू शकत नव्हता. वाट एकच होती आणि ती त्या सुजलेल्या पावलावरून जात होती. तिसऱ्या फेरीला तो बोळाच्या टोकाशी परत फिरला नाही. तिथे डॉक्टरांची खोली होती.

"किदोचा उजवा पाय बघा," तो म्हणाला. "हाड गेलंय."

डॉक्टरांनी येऊन अंगठ्याने दाबलं. इबुकीने ओठ घट्ट मिटले, पण गुडघा आपसूक वर उडाला. डॉक्टरांनी मान हलवली. इथे खात्री करायला यंत्र नव्हतं, आणि धोका पत्करायला ते तयार नव्हते.  इबुकीने रियोहेइकडे एकदा बघितलं, मग तोंड फिरवलं.

अंतिम लढतीत समोर क्युशूचा हामासाकी होता, दोन लढतींनी पिळून निघालेला. रियोहेइ दुपारपासून ताजा. डाव्या लाथेने त्याने हामासाकीची मांडी सोलून काढली आणि पंचांनी एकमताने निकाल दिला. कमरेला पट्टा बांधला तेव्हा मिसाओ रडली, कायचो रडले, इस्त्रीवाल्या बायका खुर्च्यांवर उभ्या राहिल्या. रियोहेइ फोटोत हसतोय. फोटो नीट बघितला तर टाचा तेव्हाही उचललेल्याच आहेत.

दोन दिवसांनी इबुकी आपल्या पायांनी जिना चढून जिममध्ये आला. इस्पितळात पायाचा एक्स-रे काढला होता. "हाड शाबूत आहे," सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला. "मुका मार. आठवड्यात पळशील म्हणाले." मग रियोहेइसमोर कमरेत वाकून त्याने अभिनंदन केलं, कपाटातल्या आपल्या वस्तू पिशवीत भरल्या आणि निघून गेला.

 कायचो कधी नव्हे ते हळू बोलले. "तू पोराचा पाय वाचवलास असं मी गावभर सांगितलंय. आता काय सांगू?"

 पायरीवरचं ते तिरकं पाऊल रियोहेइने खरंच बघितलं होतं. पण नऊ वर्षं जो दुसऱ्यांच्या मोडण्याची वाट बघत आला, त्याच्या डोळ्यांना सुजलेला पाय मोडलेलाच दिसणार. त्याला स्वतःची किळस आली. पट्टा कपाटात खाली, ब्लँकेटांमागे गेला. थांबण्याचा शब्द दिला होता, पण थांबायचं म्हटलं की त्याला धाप लागायची. वाफेच्या खोलीतून तो वेळ संपली तरी बाहेर येईना.

वसंत सरता सरता कायचो कारखान्याच्या मागच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"इबुकी गेला," ते म्हणाले. "साकाइच्या जिममध्ये. माझ्यासमोर चटईवर डोकं टेकून परवानगी मागितली. मी दिली."

असं जिम बदलणं आमच्याकडे सोपं नाही. कित्येक जण त्यापेक्षा खेळ सोडतात. "का गेला?" रियोहेइने विचारलं, आणि विचारताविचारताच त्याला कळलं.

"माझ्याकडे असता तर तुझ्याशी लढता आलं नसतं ना. पट्ट्यासाठी आव्हान दिलंय. आयोजकांना म्हणाला, समोर अकामात्सुच हवा. तो नसेल तर मी नाही." कायचोंनी कान चोळला. "तुला नको असेल तर नाही म्हण. पट्टा परत करू, निवृत्तीची घंटा वाजवू, कुणी नावं ठेवणार नाही."

संध्याकाळी मिसाओने सगळं ऐकून घेतलं. "शब्द दिला होतास तू मला," ती म्हणाली.

"हो."

"मग?"

"आजवर कुणीच मला मागितलं नव्हतं गं," रियोहेइ म्हणाला. "ज्याला त्याला दुसराच कुणीतरी हवा असायचा."

मिसाओने बराच वेळ भांडी घासली. "जा," ती म्हणाली. "नाहीतर जन्मभर या घरात येरझारा घालशील, आणि चटया मला बदलाव्या लागतील."

लढत पावसाळा संपल्यावर होती. ते दिवस रियोहेइने जसे काढले तसे वैऱ्यावरही येऊ नयेत. त्याला हरण्याची भीती नव्हती. इबुकीला काही होईल, याची होती. सरावात पाय मुरगळेल, सायकलवरून पडेल, ताप येईल, आणि मग एखाद्या शुक्रवारी आयोजकांचा माणूस दुसऱ्याच कुणाला तरी फोन करील, मोकळा आहेस का म्हणून. साकाइकडच्या कुणाची भेट झाली की आडून आडून विचारायचा, किदो बरा आहे ना? मुद्दाम देवळात जाऊन त्याने नाणं टाकलं आणि समोरच्याच्या पायांसाठी हात जोडले. इतक्या वर्षांत असं मागणं त्याने कधी मागितलं नव्हतं.

वजनाच्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी जाऊन बसला, म्हणजे उभा राहिला. वजन करून झालं तरी नजर दाराकडे. इबुकी आला. गाल आत गेलेले, खांदे रुंद झालेले. दारापासून वजनकाट्यापर्यंत तो सावकाश चालत आला, आणि रियोहेइची नजर सवयीने त्याच्या पावलांवर गेली. उजवं पाऊल सरळ पडत होतं. रियोहेइचा जीव भांड्यात पडला.

इबुकी त्याच्यासमोर थांबला. ही नजर त्याने ओळखली होती.

"नीट बघून घ्या, रियोहेइसान," तो म्हणाला. आयोजक, कायचो, वार्ताहर, सगळे ऐकत होते. "लंगडतोय का मी?"

"नाही," रियोहेइ म्हणाला. मग त्याने मान वर केली. "तेव्हाही लंगडत नव्हतास."

 इबुकीने मान लववली, सदरा काढून कायचोंच्या हातात दिला, जुन्या सवयीने, आणि काट्यावर चढला.