जर्मनकाकांचा पाण्याचा चौक

जर्मनकाकांनी पाहिली तेवढी लांब नाव जगात कुणी पाहिली नसेल. पुढचा खलाशी सकाळी शिंकला की मागच्याला संध्याकाळी सर्दी व्हायची, असं ते शपथेवर सांगत. काका मूळचे गुहागरकडचे. कुवेतमधल्या शुऐब्याच्या एका कारखान्यात पंप दुरुस्त करायचे. सत्तरच्या दशकात कंपनीनं त्यांना पंपांचंच शिक्षण घ्यायला जर्मनीतल्या एका चिमुकल्या गावी धाडलं, जिथं चार कालवे एकत्र येतात. महिनाभरानं काका परतले, पण फक्त देहानं.

त्या गावाचं नाव ते असं उच्चारत की समोरच्यानं चष्मा पुसून घ्यावा. म्हणून आम्ही शेजारच्या फहाहील गावात राहणारी मराठी मंडळी त्याला 'पाण्याचा चौक' म्हणायचो. ज्या कुवेतात नदी शोधायला निघालेला माणूस म्हातारा होऊन परत येईल, तिथं दर शुक्रवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी आम्ही कालव्यांत गटांगळ्या खात असू. मटण संपे, कालवे संपत नसत.

रस्त्यात कुणी हॉर्न वाजवला की काका काच खाली करून त्या बिचाऱ्या अरबाला शुद्ध मराठीत जर्मनी समजावत. तिथं कोळशाच्या नावा चौकात आपली पाळी येईस्तोवर गप उभ्या राहतात, बदकंसुद्धा दोन्हीकडे बघून वळतात, वगैरे. मी एकदा म्हटलं, "काका, तुमच्या गुहागरकडे एवढी मोठी खाडी आहे की."

"खाडीला शिस्त आहे का?" काका म्हणाले. "दिवसातून दोनदा मत बदलते."

काकू इस्पितळात नर्स. त्या हे सगळं भाजी निवडत ऐकायच्या. 'तुला एकदा दाखवणार' हे काकांचं वचन आमच्या मुलांनाही पाठ होतं. ऐंशी सालानंतर एका रजेत काकांनी ते खरंच पाळलं. तेव्हा आमच्यातले डॉक्टर, जे काकांच्या प्रत्येक नावेतून हातभर लांबी कापायचे, मिशीला पीळ देत म्हणाले, "आता वहिनी साक्षीदार." काकांची इतक्या वर्षांची अब्रू एका बाईच्या जिभेवर येऊन बसली.

परतल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी डॉक्टरांच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. काका कोपऱ्यात, निकालाच्या दिवशीच्या पोरासारखे. डॉक्टरांनी विचारलं, "वहिनी, खरं सांगा. काका सांगतात तसंच आहे का ते?"

काकूंनी पदराला हात पुसले. "तसं नाही," त्या म्हणाल्या. काकांनी मान खाली घातली. "ह्यांनी कमीच सांगितलं. नावेचं पुढचं टोक गेलं तेव्हा आम्ही जेवायला बसलो. जेवलो, वामकुक्षी घेतली, उठून बघतो तर मधला भाग जात होता. मागचं टोक बघायला रजा पुरली नाही."

डॉक्टरांच्या हातातली कोळंबी हातातच राहिली.

नंतर स्वयंपाकघरात माझ्या बायकोनं छेडलं तेव्हा काकूंनी सांगितलं, की रिपरिप पाऊस होता, मातकट पाणी होतं आणि तासाभरात एक काळी नाव गेली. काका काठावर बराच वेळ उभे होते. "'मोठं होतं गं हे,' एवढंच म्हणाले," काकू म्हणाल्या. "मग मी दुसरं काय सांगणार होते?"

त्यानंतर काकांनी कालव्यांचा विषय स्वतःहून कधी काढला नाही. कुणी काढलाच तर म्हणत, "हिला विचारा." आणि मग आमच्यात सरकून, तोंड उघडं टाकून, आमच्याहून मन लावून ऐकत बसत.